पिवळ्या कार्डावरचा शेरा

वाचनालयातली खिडकीजवळची ट्यूब आठवडाभर डोळे मिचकावत होती. शिपायाला सांगून सांगून स्वरदा थकली आणि एका मंगळवारी स्वतःच खुर्चीवर चढली. खुर्ची डुगडुगली. मागून कुणीतरी घट्ट धरली... खुर्ची हो, स्वरदा नव्हे... आणि शांतपणे म्हणालं, "उतरा. तुमचं काम नाही ते."

ती उतरली. समोर एक उंच, सावळा मुलगा, केस पावसात भिजलेले. त्याने रुमालाला हात कोरडे पुसले, स्टार्टर अर्धा फिरवला आणि टेबलावर लख्ख उजेड पडला. मग खिशातून पिवळं कार्ड काढून, त्यावरचं नाव वाचत त्याने विचारलं, "इथे स्वरदा कोण?"

झालं! मार्गदर्शकबाई पडता पडता वाचल्या, तेही आपल्याच विद्यार्थ्याच्या कृपेने.

अंधेरीच्या त्या कॉलेजात ही पद्धतच होती. शाळा सुटून मध्ये वर्षं गेलेली, इंग्रजी-गणितात कच्ची राहिलेली मुलं पहिल्या वर्षाला आली की आधी तयारी वर्गात बसायची, आणि प्रत्येकाला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी जोडून दिला जायचा. मंगळवार-शुक्रवार दोन तास अभ्यास. शेवटी मार्गदर्शकाने कार्डावर शेरा लिहायचा, 'तयार आहे' नाहीतर 'अजून मदत लागेल'. सलग तीनदा 'तयार' मिळालं की मुलगा मुख्य वर्गात. योजना चालवणाऱ्या माधुरी मॅडमचा आणखी एक दंडक होता: मार्गदर्शकाला ताई किंवा दादा म्हणायचं, मग वय काही असो.

आता हा मुलगा, प्रबुद्ध, बावीसचा आणि स्वरदा वीसची. बारावीनंतर चार वर्षं तो वडिलांबरोबर गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमनचं काम करत होता. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "बाकी सगळं ऐकेन. ताई म्हणणार नाही."

"का?"

"नाही जमणार..." त्याने वहीत डोकं घातलं. स्वरदाने लगेच खिडकीबाहेर पाहिलं, कारण तिचेही कान तापले होते.

मग तो तिला काहीच म्हणेना. "ऐकलं का", "इकडे जरा"... जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसं. टक्केवारी अडली की स्वरदा त्याला दिव्यांवर नेऊन सोडायची: हजार वॅटचा दिवा साठ टक्क्यांवर आणला तर किती? चटकन यायचं उत्तर. सप्टेंबरात तो इंग्रजी पानंच्या पानं वाचू लागला आणि स्वरदाची वाट लागली. दोन 'तयार' मिळाले होते. तिसरा मिळाला की मंगळवार संपणार, शुक्रवारही.

खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिने लिहिलं, 'अजून मदत लागेल'. एकदाच, असं तिने मनाला बजावलं. पण मन कुणाचं ऐकतं? दोन 'तयार' झाले की तिसऱ्या वेळी तिचा हात आपोआप तेच लिहायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्य वर्गाची यादी लागली. प्रबुद्धचं नाव नव्हतं. आता पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. मंगळवारी तो आला, पण बॅग उघडली नाही. नाना, म्हणजे वडील, कामावर परत ये म्हणतायत, त्यांचंही चुकत नाही, असं सांगत राहिला.

"तुम्ही खूप केलंत," तो म्हणाला. "माझ्याच डोक्यात उजेड पडत नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

स्वरदाला रडूच फुटलं. "तू सप्टेंबरातच तयार होतास. मी खोटं लिहिलं."

"का?"

"तू गेला असतास ना... आणि मला तू हवा होतास. इथे, समोर."

"चार वर्षं गेलीच होती माझी," तो म्हणाला. "पाचवंही घालवायला निघालीस?"

पहिल्यांदाच तो तिला एकेरी बोलला, आणि तेही असं. मग बॅग उचलून निघून गेला.

स्वरदा तडक माधुरी मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून आली. मॅडमनी प्रबुद्धची नव्याने परीक्षा घेतली, त्याचं नाव यादीत घातलं आणि स्वरदाचं योजनेतून काढलं.

सुट्टी संपली. दर मंगळवारी ती त्याच टेबलाशी बसायची. जिन्यात कुणी दोन-दोन पायऱ्या चढत आलं की मान वर व्हायची. तो नसायचा. एकदा कँटीनमध्ये दिसला, नव्या मित्रांत हसत होता. तिला फार बरं वाटलं, आणि जीव तुटायचा तो तुटलाच. किती वेळा वाटलं, जावं आणि बोलावं. पण कुठल्या तोंडाने?

डिसेंबरात ट्यूब पुन्हा मिचकावू लागली. तिने शिपायाला सांगितलं नाही, खुर्चीही ओढली नाही. तशीच वाचत बसली. मग डोक्यावरून एक हात वर गेला, स्टार्टर फिरला आणि पानावर उजेड आला.

प्रबुद्ध समोर बसला. त्याने एक पिवळं कार्ड तिच्याकडे सरकवलं. विद्यार्थिनी: स्वरदा. विषय: प्रबुद्ध. शेऱ्याची जागा कोरी.

"राग कधीच गेला होता," तो म्हणाला. "जिना चढायचा धीर होत नव्हता. शेरा तू लिही, स्वरदा. या वेळी खरा."

तिचं नाव... कार्डावरून न वाचता, त्याच्या तोंडून पहिल्यांदा. तिने पेन उचललं. लिहिलं, 'तयार आहे'.

त्याने ते वाचलं आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली. "एकाने भागत नाही. सलग तीन लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे शुक्रवारी यायचं. आणि पुढच्या मंगळवारीही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मुख्य वर्ग," तो म्हणाला, आणि या वेळी दोघांपैकी कुणीच खिडकीबाहेर पाहिलं नाही.