दोराला बांधलेली फियाट

जिन्यातला दिवा घालव रे, डोळ्यावर येतोय. आणि हसायचं नाही. हे जयवंताच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि जयवंत माझ्या शेजारच्या मशीनवर बारा वर्षं उभा होता. चहा पाजताना दहादा विचार करील, पण खोटं बोलणार नाही.

साल चौऱ्याऐंशी. आमच्या कारखान्याला टाळं लागून दीड वर्ष झालं होतं. जयवंताची बोरिवलीला काजूपाड्यात भाड्याची खोली. घरात बायको मालन आणि पाच वर्षांची नीला. त्यानं भाजी विकून पाहिली, वॉचमनकी केली, कशातच जम बसेना. शेवटी ठरवलं, गावी कणकवलीला जायचं. नोकरीचे जे काही मिळाले त्यातून त्यानं एक जुनी फियाट घेतली होती. एसटी स्टँडवरून माणसं वाडी-वाडीला नेऊन सोडायची, त्यावर पोट भरायचं. एवढी एकच आशा त्याच्याकडे उरली होती, आणि नेमका त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला.

मुंबईत दुरुस्ती परवडेना. गावी मेव्हण्याचं गॅरेज होतं, तो फुकट करणार होता. पण गाडी साडेचारशे किलोमीटर न्यायची कशी? तेवढ्यात सावंतवाडीचा शिवदास ड्रायव्हर भेटला. माल उतरवून त्याचा ट्रक रिकामाच परत जाणार होता. म्हणाला, "सामान वर टाका, गाडी दोरान मागे बांधा. पण आज रातीच सुटतलंय." आज म्हणजे बावीस नोव्हेंबर, गुरुवार, कार्तिकातली अमावस्या.

"अवसेक कोण घर हलवता?" मालन म्हणाली.

"उद्या ट्रक मेळाचो नाय गो," जयवंत म्हणाला. एवढंच.

आता, दोराला बांधलेल्या गाडीतसुद्धा स्टिअरिंगवर माणूस लागतो. तिथे जयवंत बसणार. मागची सीट गाद्या-बोचक्यांनी छतापर्यंत ठासलेली. नीलाला डिझेलच्या वासानं ओकाऱ्या यायच्या, म्हणून मालन एकटी ट्रकच्या केबिनमध्ये बसली आणि पोरीला पुढच्या सीटवर बापाच्या शेजारी निजवलं.

निघताना जयवंतानं रिकाम्या खोलीत नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणातला माणूस त्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. "हे देवा महाराजा! ह्या जागेत सात वर्सां ऱ्हवलंव. आता जातंव. हंय जो कोण आसात, तेणा आमच्या सोबतीक येऊन आमका घराक सुखरूप पोचवचा!" मालन "व्हय महाराजा" म्हणाली. दारात उभ्या असलेल्या शेजारच्या शांताबाईचा चेहरा मात्र उतरला.

"अरे, असं कुणालाही बोलावतात का?" ती म्हणाली. "तुमच्या आधी इथे चंपाबाई राहायची. मुलगा सगळं सामान घेऊन सुरतेला गेला. म्हणाला, दुसऱ्या फेरीला तुला नेतो. म्हातारी रोज दारात मिश्री लावत बसायची, मांडीवर बोचकं. दोन महिने बसली. बसल्या बसल्याच गेली बिचारी. तुम्ही घाबराल म्हणून आम्ही कधी बोललो नाही."

जयवंतानं वळून नारळाकडे पाहिलं. पण शिवदास हॉर्नवर हॉर्न मारत होता, आणि घातलेलं गाऱ्हाणं परत कसं घ्यायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. साडेअकराला ते निघाले.

दहिसर गेलं. काशिमीऱ्याला ट्रक उजवीकडे घोडबंदर रोडला वळला आणि दिवे संपले. आज तिथे बिल्डिंगा दिसतात तुम्हाला. तेव्हा एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये हा रस्ता. फियाटची बॅटरी गेलेली, म्हणजे दिवा नाही, हॉर्न नाही. पुढे ट्रकचा एक लाल दिवा आणि मध्ये काथ्याचा दोर. जयवंताची नजर त्या लाल दिव्यावर खिळलेली.

आणि त्याला वास आला.

मिश्रीचा.

त्यानं काच खाली केली. वास तसाच. मागची स्प्रिंग करकरली. गाडी मागून थोडी खचली... कुणीतरी बसल्यासारखी. मागे तर सुई शिरायला जागा नव्हती. मग श्वास ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा. दमलेला. अगदी मानेमागे.

नीला झोपेतच म्हणाली, "आजी, सरक ना."

स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण पोर... त्यानं मागे न बघता एक हात कपाळाला लावला, दुसऱ्यानं स्टिअरिंग धरूनच, आणि म्हणाला, "चंपाबाय, उतर. माझी पोर आसा हंय. माका तुका न्हेवचा नाय. उतर गे."

नजर पुन्हा त्या लाल दिव्यावर.

मग मागून एक हुंदका आला. छोटासा. स्प्रिंग वर आली. वास गेला.

गाडी हलकी झाली खरी. पण जयवंताला बरं वाटलं नाही. त्यानं मला सांगितलं, "भाऊराव, त्या म्हातारीक दोनदा टाकल्यानी. एकदा पोटच्या झिलान, एकदा मी."

पाऊण वाजता गायमुखाचा चढ लागला. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होता. अर्ध्या चढावर ट्रकच्या हुकापाशी ताडकन आवाज झाला.

दोर तुटला.

लाल दिवा पुढे जात राहिला. जयवंत ओरडला. ट्रकच्या इंजिनात कोण ऐकणार? दिवा वळणाआड गेला. काळोख. फियाट क्षणभर थांबली, आणि मागे घसरू लागली.

त्यानं ब्रेक दाबला. पहिल्यांदा धरला. मग पाय थेट तळाला गेला. हँडब्रेक ओढला. सैल वायर नुसती हातात आली. गिअर तर नव्हताच. मागे वळण, वळणाखाली खाडी. उडी मारायची तर पोर उचलायची. पोर उचलायची तर स्टिअरिंग सोडायचं. त्यानं एक हात नीलाच्या फ्रॉकमध्ये गच्च रोवला. गाडी वेग घेत होती. आणि तो माणूस, दीड वर्षात एकदाही न रडलेला माणूस, पोटातून ओरडला.

"चंपाये! पोरीक वाचव गे! चुकलंय मी!"

काही नाही.

खडी चाकाखाली वाजत होती...

गाडी थांबली.

तुटलेला दोर बंपरला लोंबत होता. तो हलला. रस्त्यावरून फरफटत पुढे गेला. उचलला गेला. ताणला गेला. पुढे काळोखात, जिथे कुणीही नव्हतं, तिथे.

फियाट चढू लागली.

इंजिन नाही. ट्रक नाही. फक्त डांबरावर अनवाणी पावलं. सावकाश. आणि "हं... हं..." जड ओझं ओढणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा आवाज. मध्येच पावलं थांबत. गाडी इंचभर मागे येई. पुन्हा "हं..."

जयवंत रडत होता. नीला झोपली होती.

चढ संपला तिथे ट्रक उभा दिसला. मागची ओढ कमी लागतेय म्हणून शिवदासानं शेवटी थांबवला होता. फियाट आपली आपण येऊन त्याच्यामागे उभी राहिली. शिवदास टॉर्च घेऊन खाली उतरला, त्याच्यामागे मालन धावत आली.

"दोर खंय तुटलो? आणि वर कोणी ढकलल्यान?" शिवदासानं विचारलं.

जयवंतानं मागचं दार उघडलं. एक गादी काढून ट्रकवर फेकली, मग दुसरी. एका माणसापुरती सीट मोकळी केली, हातानं झटकली. मालन बघतच राहिली. तिला वाटलं, नवऱ्याला वेड लागलं.

दार उघडं धरून तो म्हणाला, "बस गे आये. आता तुका टाकूचंय नाय."

थोडं थांबून त्यानं दार हळूच लावलं.

शिवदास तोवर दोर पुन्हा बांधायला वाकला होता. तुटकं टोक त्यानं टॉर्चच्या उजेडात धरलं, आणि त्याचा हात तसाच राहिला. टोकाला जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी होती, पदरातून फाडलेली. पाच-सहा वेढे, घट्ट. दोर ओढताना हाताला काचू नये म्हणून बायका गुंडाळतात, तशी.