सुदामचा पासवर्ड

हसा, हसा. पण ज्याच्यावर हे बेतलं तो श्यामकांत माझा शाळेतला दोस्त. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणून सांगतो.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एक रंगाची कंपनी होती. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आलेले. प्रत्येकाला आपलं नाव नि पासवर्ड. पण स्टोअरकीपर सुदामच्या नावाने सगळंच उघडायचं. साठा बदलणं, कोणाचं नाव ठेवणं, कोणाचं पुसणं, सगळं. हा सुदाम पालेगावचा, सरळ माणूस. अचानक वारला. साहेब म्हणाले, "वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याचं नाव पुसू नका, बरं दिसत नाही."

"काका, गेलेल्या माणसाचा अ‍ॅक्सेस चालू? येडे होते काय सगळे?"

गप रे बाळा. पासवर्डसुद्धा अख्ख्या ऑफिसला पाठ होता.

सुदामच्या जागी कमळाकरला नेमलं, पण तो बसायचा ऑफिसात; गोदामातली सुदामची खोली बंदच ठेवलेली. श्यामकांतही तिथेच कामाला, आणि कमळाकरहून जुना. असा जळला म्हणता! कमळाकरने नवा शर्ट घातला तरी याच्या पोटात दुखायचं. घरी जेवताना तोच विषय. शेवटी भागीरथीवहिनी म्हणाली, "अहो, त्यालाच वाढू का तुमच्या ताटात?"

चौऱ्याण्णवची सर्वपित्री अमावस्या. सगळे लवकर घरी गेले. श्यामकांत मुद्दाम मागे राहिला. सुदामच्या नावाने आत शिरायचं, गोदामातल्या ड्रमांचा आकडा वाढवून ठेवायचा. सकाळी मोजणीत माल कमी भरेल, चोर ठरेल कमळाकर. त्याची नोकरी जाईल. पदरी दोन लहान पोरं होती त्याच्या, आणि हे श्यामकांतला माहीत होतं. मला अजून राग येतो त्याचा.

नाव टाकलं. पासवर्ड टाकला.

स्क्रीनवर उत्तर आलं. सुदाम आधीच आत आहे. जागा, गोदाम.

गोदामाला तर कुलूप होतं. तिथला कॉम्प्युटरही सुदाम गेल्यावर काढून नेला होता.

"कोण हाय रे तिकडं?" श्यामकांत ओरडला.

...

भिंतीपलीकडून, गोदामातून आवाज आला. टक... टक... सावकाश. एका बोटाने टाइप केल्यासारखा.

मग थांबला.

श्यामकांत पळाला. चपला तिथेच राहिल्या.

सकाळी मोजणी झाली. माल बरोबर भरला. कमळाकर चहा प्यायला गेला, त्याला कसलाच पत्ता नाही. श्यामकांतने धीर करून आपलं नाव टाकलं. कॉम्प्युटर म्हणाला, या नावाचं इथे कोणी नाही.

साहेबांनी तपासलं. नाव रात्रीच पुसलेलं. पुसणारा, सुदाम.

साहेबांनी स्वतःच्या हाताने गोदामातल्या सुदामच्या खोलीचं कुलूप काढलं. श्यामकांत दारातच उभा राहिला. सुदामच्या रिकाम्या टेबलावर बोटभर धूळ. आणि त्या धुळीत... कीबोर्डएवढी एक लांबट जागा... स्वच्छ.