फोन घेतला: आई

दुधाच्या भांड्यावरचं झाकण ओट्यावरून घरंगळलं आणि फरशीवर भिंगरीसारखं फिरत राहिलं. घर कसं गप्प होतं. शाळेला सुट्टी म्हणून ठमी अजून झोपलेली. रेकॉर्डताईने झाकणावर पाय दाबला, तोच फोन थरथरला.

मोठे साहेब. रुग्णालयाचे अधीक्षक.

"रजा आहे, माहितीये. पण या. आत्ता."

"साहेब, मुलगी घरी आहे माझी..."

"घेऊन या तिला. दहा आठवड्यांचं बाळ आलंय. जन्मानंतरच्या तपासणीत दोष दिसला होता आणि घरच्यांना कोणी कळवलंच नाही. मशीनमधली नोंद म्हणते, सिस्टरने कळवलं. सिस्टर म्हणते, मी नाही. खोटं बोलतेय. संध्याकाळी तिला घरी पाठवतोय, कायमची. त्याआधी मला कागद हवाय."

रुग्णालयातल्या सगळ्या नोंदी सांभाळायच्या, हे तिचं काम. म्हणून शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती रेकॉर्डताई.

वॉर्डात बाळ त्याच्या सख्ख्या मावशीच्या मांडीवर होतं. बाप दुधाची बाटली धरून खिडकीशी उभा.

"अजिबात रडत नाही हो," मावशी कौतुकाने म्हणाली. "फार गुणी आहे."

डॉक्टरांनी नजर खाली वळवली.

"आणि आई?" रेकॉर्डताईने विचारलं.

"आमची ताई बाळ झालं त्याच रात्री गेली. इथेच. तुमच्या सिस्टरनीच डोळे मिटले तिचे."

बाहेर आल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "थायरॉईड कमी आहे, म्हणून रडत नाही. टाचेतल्या रक्ताच्या थेंबात कळतं. रोजची एक इवलीशी गोळी, बस. पण पहिल्या पंधरवड्यात सुरू व्हायला हवी. नाहीतर मेंदूची वाढ अडते."

"आता?"

"आता सुरू केलीय," एवढंच ते म्हणाले.

सिस्टर सामानाच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"सिस्टर, फोन कसे करता ते सांगा."

"कसे म्हणजे? सकाळी मशीन उघडायचं. दोष निघालेल्या ज्या बाळापुढचा 'कळवले' हा रकाना रिकामा, त्यांची यादी येते. फोन लागला, की भरायचं. कळवले, कोणी घेतला, आणि माझं नाव. नाही लागला तर रिकामं ठेवायचं. उद्या परत."

"या बाळाचा?"

"त्या शुक्रवारी तिघं होती. एकाचाही लागला नाही. सोमवारी बघते तर यादीत कोणीच नाही! मला वाटलं, रविवारच्या सिस्टरने उरकलं असेल. खोटं कशाला बोलू, हायसंच वाटलं हो."

"शनिवारी?"

"सुट्टी. नणंदेचं घर हलवत होतो. कंबर अजून सांगते."

रेकॉर्डताईने बाळाची नोंद उघडली. कळवले: होय. फोन घेतला: आई. नोंद करणारी: सिस्टर. वेळ: शनिवार, संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटं.

उरलेल्या दोन बाळांच्या नोंदी उघडल्या. तेच. अगदी मिनिटासकट.

ती तडक गुणवत्ता कक्षात गेली. तिथल्या प्रमुखांच्या टेबलावर धुळीचा कण टिकत नसे, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे चकाचक म्हणत.

"त्या शनिवारी संध्याकाळी काय केलंत?"

"मोहीम! सोमवारी पाहणी पथक यायचं होतं ना. साडेचार हजार रकाने रिकामे होते, ताई. एका मिनिटात शून्य! गुण किती मिळाले, विचारा."

"कशाने भरलेत रकाने?"

"नियमाने."

"कुठल्या?"

चकाचकांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

तासाभराने सगळे मोठ्या साहेबांच्या खोलीत जमले. ठमी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय हलवत बसली.

"कागद आणलात?"

"आणला, साहेब. पण सिस्टरच्या विरुद्धचा नाही." रेकॉर्डताई उभीच राहिली. "फोन आईने घेतला, असं नोंद म्हणते. या बाळाची आई जन्माच्या रात्रीच गेली. तिचे डोळे सिस्टरने मिटलेत. ती 'आई' लिहील? शिवाय तीन बाळं, एकच मिनिट, तिन्ही फोन आईनेच घेतलेले. माणसाचा हात असा चालत नाही."

"मग कोणाचा चालला?"

"मोहिमेचा. रकाना रिकामा दिसला, की त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर घालायचं, हा नियम. कळवलं का? बहुतेकांना कळवलेलं असतं, म्हणून होय. फोन कोणी घेतला? बहुतेक आईच घेते. नोंद कोणाची? सगळ्यात जास्त फोन कोण करतं, तिची."

"म्हणजे मी जास्त राबले, म्हणून माझं नाव?" सिस्टर म्हणाली.

"हो."

"बरंय बाई!"

चकाचक खुर्चीच्या टोकाशी आले. "रिकामं म्हणजे भरायचं राहून गेलेलं, असंच मला... मी विचारलं होतं ना! शुक्रवारी मेल केला होता."

"विचारलं होतं." रेकॉर्डताईने छापील पान टेबलावर ठेवलं. "साहेब, तुमचं उत्तर चार मिनिटांत आलंय. 'भरून टाका. पथकाला एकही रिकामा दिसता कामा नये.' भरणारा हात यांचा, हुकूम तुमचा. कुठल्या रकान्याचा अर्थ काय आणि त्याला जबाबदार कोण, हे ठरवायचा माझा प्रस्ताव वर्षभर तुमच्या खणात पडलाय."

पंख्याने पानाचं टोक उडत राहिलं.

"मेल दोघांना गेलेला दिसतोय," साहेब सावकाश म्हणाले. "दुसरं कोण?"

"मी. ठमीला ताप होता. सोमवारी बघू म्हटलं."

साहेबांनी पान उचललं, चौघडी केली आणि खणात टाकलं. "सिस्टर राहतील. बाकीचं इथेच संपवू."

"संपलं नाही, साहेब. दुसऱ्या बाळाचे वडील आत्ता फोनवर सापडले, निघालेत. तिसऱ्याचा नंबर कायमचा बंद आहे."

"पत्ता असेल ना?"

"आहे. गिरणीमागची वस्ती."

सिस्टरने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. आपल्याकडे निम्मी बाळं तिथलीच येतात."

"भरतीच्या कागदावर पत्ता कोरा आहे. मशीनमधला मोहिमेनेच भरला. बाई घाईत आली होती. मशीनमध्येही सगळं कोरंच राहिलं असतं, तर त्याच सोमवारी आपण तिला शोधायला लागलो असतो."

"मोहिमेआधीची जुनी प्रत? आणखी कोणाचे रकाने कोरे होते, ते कळेल." सिस्टरने चकाचकांकडे बघितलं.

"तीस दिवसांनी पुसतो," ते पुटपुटले. "जागा वाचावी म्हणून."

दुपारी रेकॉर्डताई आणि सिस्टर ठमीला घेऊन वस्तीत गेल्या. पत्ता खरा नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण खुर्चीवर बसवेना. दार, मग दार, मग दार. दहा आठवड्यांचं बाळ आहे का हो कोणाकडे?

"या नावाची बाई इथे नाही. बाळाचं नाव तरी सांगा!" एक बाई कपडे पिळता पिळता हसली.

"नाव ठेवलं नव्हतं अजून. नुसतं बाळ."

चौथ्या गल्लीच्या तोंडाशी ठमीचे पाय दुखले. रेकॉर्डताईने तिला कडेवर घेतलं. पुढे पत्र्याच्या घरांची आणखी एक रांग होती, तिच्यामागे आणखी एक. ठमीने आईच्या गळ्यात हात टाकले, बराच वेळ त्या घरांकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"आई, आपण त्यांना शोधतोय, हे त्यांना कोण सांगणार?"