पत्र्यावरचा हात

पंचशीला गेल्याचं ज्या दुपारी कळलं, त्या दुपारी केदारनाथ शिडीवर उभा राहून हसत होता.

हसण्याचं कारण समोर पत्र्यावर होतं. सकाळी औरंगाबादला निघताना पंचशीलानं प्लास्टिकची एक शीट शेडच्या पत्र्यावर उन्हात ठेवली होती. ताटाएवढी, पांढुरकी, अगदी सपाट. वैशाख चालू होता. घाटनांदुरात त्या दिवसांत पत्र्याला हात लावायची सोय नसते. दुपार चढली तशी शीट कुरकुरली, मधोमध फुगली आणि तिच्यातून एक बोट वर आलं. मग दुसरं... मग तिसरं...

हात पंचशीलाचाच होता. डावा. आपल्या हाताचा प्लास्टरचा साचा करून तिनंच तो या शीटमध्ये उठवला होता. मग शीट प्रेसखाली दाबून सपाट केली. तापली की तिला आपला पहिला आकार आठवायचा आणि हात वर यायचा. पुन्हा दाबायचं, पुन्हा तापवायचं... ही आठवण किती खेपा टिकते, हेच त्यांचं संशोधन. अलीकडे ती विटत चालली होती. करंगळी तर कित्येक खेपांत वर आलीच नव्हती.

आज पाचही बोटं ताठ उभी होती. करंगळी जराशी बाहेर वळलेली, तिची होती तशीच.

"आलीस का?" केदारनाथ हाताला म्हणाला आणि हसला. ती आल्यावर ही गंमत तिला कधी सांगतो असं त्याला झालं होतं.

"केदारभौ, खाली या." खाली धुळाजी उभा होता. समोरच्या एसटीडी बूथचा मालक. धावत आला होता, पायात चप्पल नव्हती.

"थांब बे. हे बघ आधी, करंगळी आलीय!"

"खाली या म्हंतो ना."

आवाज ऐकून केदारनाथ उतरला. बीडहून फोन आला होता. एसटी चुकली म्हणून पंचशीला काळी-पिवळी जीपमध्ये बसली होती. मांजरसुंब्याच्या घाटात जीप उलटली.

"वैनी..." धुळाजी म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं. पत्र्याच्या कडेला हात दिसत होता. सगळी बोटं उघडी, कुणाला तरी थांब म्हटल्यासारखी.

"हे... कवा वर आलं?"

"आत्ताच," केदारनाथ म्हणाला.

त्या दिवसापासून धुळाजी त्या पत्र्याखाली उभा राहत नाही.

*

दोघांची पहिली गाठ पडली ती कचऱ्यात.

नारायणगडाची यात्रा उलगून गेली होती. माणसं घरी गेली आणि माळावर उरल्या नुसत्या पिशव्या. तेव्हा सगळंच नवीन होतं. शाम्पू पुडीत मिळायला लागला होता, गुटखा पुडीत, दूध पिशवीत. वारा सुटला की बाभळींना लटकलेल्या पिशव्या एकदम श्वास घेतल्यासारख्या फुगायच्या... आणि पुन्हा बसायच्या. एवढ्या मोठ्या माळावर दुसरा आवाज नव्हता. केदारनाथ पोतं घेऊन एकटाच वेचत होता आणि त्याला उगीचच मागं बघावंसं वाटत होतं.

"ओ भंगारवाले! ते पोतं ठेवा खाली!"

तो दचकलाच. मागं एक मुलगी उभी. ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, आणि हातात तसंच एक पोतं.

"मी भंगारवाला न्हाई."

"मग पोतं कावून घेतलंय?"

"विद्यापीठातून आलोय. केमिस्ट्री. प्लास्टिकवर काम करतो."

तिनं आपलं पोतं खाली ठेवलं. मग ओठ दाबून म्हणाली, "मीपण विद्यापीठातूनच. फिजिक्स."

"तुम्ही काय करता प्लास्टिकचं?"

"ताणते. तुटेपर्यंत."

"मी वितळवतो."

"म्हणजे माझ्या हातून वाचलं की तुमच्या तावडीत... लई वाईट नशीब बिचाऱ्याचं!"

केदारनाथला हसू आलं. ती मात्र कामाचंच बोलत होती. तिनं तिथंच वाटणी करून टाकली. "दुधाच्या पिशव्या माझ्या. गुटख्याच्या पुड्या तुमच्या."

"गुटख्याच्या पुडीत थरावर थर असतात. ती नीट वितळत न्हाई."

"म्हणून तर दिल्या!"

परत निघाले तेव्हा दोन्ही पोती केदारनाथच्या खांद्यावर होती. ती तिथं कशी आली, ते त्याला नीटसं कळलंच नाही. कळलं एवढंच, की आता मागं बघावंसं वाटत होतं ते भीतीनं नाही.

*

विद्यापीठानं दोघांचं काम एकत्र जोडलं. दुधाच्या पिशव्या वितळवून त्याचे छपरासाठी नागमोडी पत्रे करायचे. जागा हवी होती. केदारनाथच्या वडिलांचं, ईश्वरप्पांचं, घाटनांदुरात पेंडीचं जुनं गोदाम होतं. तिथं प्रेस बसली. पंचशीलाचं माहेर नांदूरघाटचं, नाव उलटं पण गाव दुसरं, त्यामुळे तिलाही ते लांब नव्हतं. शेडमध्ये पेंडीचा आणि आंबट दुधाचा वास एकत्र यायचा. अजून येतो.

एकदा पाहुण्यांसमोर ती बोलून गेली, "यांचे पत्रे नुसते दिसायला चांगले. हात लावला की मोडतात." केदारनाथ रुसला. मग तो रुसला म्हणून तीही रुसली. दोघं एका मशीनवर, आणि बोलणं बंद! वितळलेल्या प्लास्टिकला बळकटी यावी म्हणून त्यात एक औषध घालायचं असतं. त्या दिवशी त्यानं घातलं आणि सांगितलं नाही. तिनंही घातलं... आणि विचारलं नाही.

दुप्पट औषधाचं प्लास्टिक आतल्या आत असं गुंतलं, की पुन्हा वितळेचना. पुन्हा वापरता यावं म्हणून केलेला माल कायमचा वाया गेला. चूक झाकायला केदारनाथनं ते नागमोडी पत्रे प्रेसखाली सपाट केले आणि छपरावर टाकून दिले.

दुपारी धुळाजी सांगत आला, "भौ, तुमच्या पत्र्यावर कुणीतरी कूस बदलतंय."

दोघं शिडी चढले. उन्हात ते सपाट पत्रे कण्हल्यासारखा आवाज करत हळूहळू वळत होते. एकेक लाट परत येत होती, जिथं होती तिथं. माणूस जवळ नाही, वारा नाही. केदारनाथच्या अंगावर काटा आला. पंचशीलानं नकळत त्याचं मनगट धरलं होतं.

"आठवतंय त्याला," ती हळूच म्हणाली. "आपण दाबलं, तरी आठवतंय."

"औषध मी घातलं होतं," तो म्हणाला.

"मीपण."

"मग सांगायचं न्हाई का?"

"बोलत कोण होतं माझ्याशी?"

मनगट तिनं सोडलं नाही. त्यानंही सोडवलं नाही.

*

मनातलं बोलायला त्याला पुढचा हिवाळा लागला. शेडच्या दारात, तिच्याकडं न बघता त्यानं लग्नाचं विचारलं. तो लिंगायत, घर दुकानदाराचं. ती बौद्ध. घरात काय होईल ते दोघांना ठाऊक होतं. ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली एक सपाट शीट घेऊन आली.

"घरी जा. उकळत्या पाण्यात टाका."

"काय आहे?"

"टाका तर..."

घरी आई, शांतादेवी, आंघोळीचं पाणी तापवत होती. केदारनाथनं शीट पातेल्यात सोडली. वाफेत काही दिसेना. मग पाण्यातून बोटं वर आली, सावकाश, एकामागून एक, आणि उघडा तळवा पाण्यावर तरंगायला लागला. शांतादेवीच्या हातातला तांब्या पडला.

"शिव शिव! कुणाचा हात हाय हा?"

केदारनाथनं चिमट्यानं तो हात बाहेर काढला. तळव्यावरची रेघन् रेघ उठली होती.

"तुझ्या सुनेचा," तो म्हणाला.

शांतादेवी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. ईश्वरप्पा त्याहून जास्त. पण तो हात आईनं फेकला नाही. देवळीत ठेवला, आणि एका सकाळी तीच म्हणाली, "करंगळी वाकडी हाय पोरीची. हट्टी असंल." लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. मुलाकडून एकटी शांतादेवी आली, मुलीकडून सगळं नांदूरघाट.

पुढं हीच शीट त्यांच्या प्रयोगाची झाली. प्रेसखाली घालताना पंचशीला दरवेळी म्हणायची, "बघू, अजून किती दिवस आठवते मी तुम्हाला..."

"प्लास्टिकला आठवायचंय. मला न्हाई."

"तुम्ही त्याहून कच्चे आहात!"

*

पंचशीला गेल्यानंतरचं दिवसपाणी झाल्यावर तिची आई, जाईबाई, शेडमध्ये आली. केदारनाथनं हात पत्र्यावरून उतरवून टेबलावर ठेवला होता. जाईबाईनं आपला रापलेला हात त्यात ठेवला. बोटाला बोट लावून. मग तळव्यावरून एका रेघेचा माग काढत गेली.

"आमच्यात हात बघत न्हाईत," ती म्हणाली. "पण ही आयुष्याची रेघ तर मनगटापतूर हाय की रं..."

केदारनाथनं ट्रंक उघडून दुसरी शीट काढली. नवी, सपाट, एकदाही न तापवलेली. त्या सकाळी जुनी शीट पत्र्यावर ठेवताना पंचशीलानं ही त्याच्या हातात दिली होती.

"ही उन्हात नका ठेवू. हिच्यात मी एक गंमत दाबलीय."

"काय?"

"मी आल्यावर. दोघं मिळून तापवू."

"आत्ता सांग की..."

"एसटी चुकंल माझी," असं म्हणून ती हसत पळाली होती. एसटी चुकलीच.

जाईबाईनं सगळं ऐकलं. "मग तापव की, लेका. माझ्या लेकीनं काय ठिवलंय ते डोळ्यानं बघू तरी."

"ती म्हणाली होती... दोघं मिळून."

"ती आता कुठनं यायची?"

त्यानं शीट परत ट्रंकेत ठेवली.

तो हात त्यानं पुन्हा कधी दाबला नाही. शेडच्या खिडकीत तो उघडाच आहे. दुसरी शीट मात्र हट्टी निघाली. उन्हाळा आला की ट्रंकेतल्या नुसत्या उबेनं ती कुरकुरते. एका चैत्रात त्यानं झाकण उघडलं, तर मधोमध अगदी थोडी फुगलेली. काहीतरी गोल होतं, लहानसं. काय ते कळायच्या आत त्यानं तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि वर वरवंटा ठेवला. ती गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच तो एकटा असताना मोठ्यानं बोलला, "थांब. एवढ्यात नको."

कुरकुर थांबली. प्लास्टिक थंड झालं की थांबतंच ते, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो बराच वेळ तिथं बसून राहिला.

आता दर उन्हाळ्यात ट्रंक तो माठाशेजारी हलवतो. त्यांचा शोधनिबंध छापून आला, त्यावर पंचशीलाचं नाव आधी आहे. प्रेस विद्यापीठाला परत गेली. जाईबाई अजून अधूनमधून विचारते.

दुसरी शीट तापवायची राहिली आहे.