नाव ठेवलेली कळ

सासूने सुनेला नावं ठेवायची, अशी जगाची रीत आहे. आमच्या घरात नावं ठेवायचं काम सून करते आणि त्याचा पगार घेते. मला विचाराल तर तो कमीच आहे.

लॅपटॉपवर उजेड वाढवायची, आवाज घालवायची अशा खास कळा असतात. कळ दाबली की आतून नुसता एक आकडा येतो. झाकण मिटलं, चार्जर काढला, त्यांचेही आकडे. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे यंत्राला शिकवावं लागतं. ज्याला नाव नाही, त्याच्यापुढे पडद्यावर 'अनोळखी' उमटतं. एका कंपनीच्या नव्या लॅपटॉपला सून ही नावं देत होती. कळा दाबायला मी. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे माझ्या बोटांवर तिचा विश्वास. माझ्यासाठी नावंही तिने मराठीत टाकली होती.

"आई, उजेडाची दाबा."

'उजेड वाढला.'

"एवढ्यासाठी कंपनी? खिडकी उघडली असती."

"आई, पुढची."

दुपारी तिचे साहेब व्हिडिओवर यंत्र तपासणार होते. पडद्याच्या तळाशी 'अनोळखी : शून्य' दिसलं तर सून गटाची प्रमुख. एक जरी निघाला तर तीन वर्षांचं काम दुसऱ्या गटाच्या पदरात.

सगळ्या कळा झाल्या. तळाशी शून्य. तेवढ्यात आमचे चिरंजीव "येतो गं" म्हणत केस कापायला बाहेर पडले.

'अनोळखी.'

"आई, हात लागला?"

"माझे हात चष्मा पुसतायत."

तिने यंत्र उघडून कीबोर्डला जोडणारी पट्टी सोडवली, माइक काढला, इंटरनेट बंद केलं. उघड्या धातूवर मी बोट ठेवलं. यंत्र सकाळपासून चालू होतं, तरी गार होतं.

शेजारीण किल्ली ठेवायला आली. "येते हं," म्हणाली आणि गेली.

'अनोळखी.' आकडा तोच.

सुनेने यंत्राच्या प्रत्येक भागाचे आकडे तपासले. हा आकडा त्यात कुणाचाच नव्हता.

"कुणी घराबाहेर पडलं की येतो," मी म्हणाले.

"यंत्राला त्याचं काय, आई?"

"ते तू सांग. शिकलेली तू आहेस."

घड्याळाकडे बघून ती ओठ चावत बसली. मला ते बघवेना.

"मग ठेव की नाव. लोक जाताना येतो, तर नावही 'येतो'च ठेव."

सकाळपासून ती पहिल्यांदा हसली. आकड्याला नाव दिलं आणि पुढे लिहिलं : काही करू नकोस. तळाशी शून्य आलं. मग सोडवलेलं सगळं परत जोडलं.

साहेबांनी तासभर यंत्र पिळून काढलं. शेवटी म्हणाले, "एकही अनोळखी नाही, असं मी पहिल्यांदा बघतोय." मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होते. पदर नीट करून जरा आत सरकले. सासू कोण आहे, तेही कळू दे.

सून प्रमुख झाली. महिनाभर मी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. यंत्र तिने कौतुकाने घरीच ठेवलं.

परवा रविवारी दुपारी आम्ही तिघं चहाला बसलो होतो. यंत्र कोपऱ्यात चालू होतं.

'येतो.'

"कोण निघालं?" चिरंजीव हसत म्हणाले.

कुणीच उठलं नव्हतं. मी तरीही माणसं मोजली. सवय आहे. तीन.

दाराकडून गार झुळूक आली. दार बंद होतं.

पडद्यावर आणखी एक शब्द उमटला.

'आलो.'

"हे नाव कधी ठेवलंस गं?" मी विचारलं.

सुनेने कप खाली ठेवला. "मी नाही ठेवलं, आई."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

मी चष्मा लावून पडद्याच्या तळाशी पाहिलं.

अनोळखी : शून्य.