तीन महिन्यांची साखर

सयाजी जगदाळ्यांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं त्याला चार महिने झाले होते. पहिले पंधरा दिवस वडापावासाठी जीव नुसता कासावीस झाला. मग ते थांबलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही थांबलं. राग येईना, हसू येईना. दुधी खायचा, मूग खायचे, चालून यायचं. बायको म्हणे स्वभाव निवळला. सयाजीरावांना वाटे, माणूसच विझला.

त्यामुळे आकुर्डी स्टेशनजवळच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात सलिल पवार येऊन बसला, तेव्हा त्याचा चेहरा त्यांनी बरोबर ओळखला. रोज दाढी करताना आरशात तोच दिसत असे.

ऑफिस सुमेधा करंदीकरांचं. खाजगी तपास हा त्यांचा धंदा. सयाजीराव चाकणला एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून ते बाईंच्या हाताखाली आले. बाईंचं डोकं विजेसारखं चाले आणि सयाजीरावांचं पीएमटीच्या बससारखं. पण पोचत असे.

सलिल चाळिशीचा, चाकणच्या एका कारखान्यात ओव्हरहेड क्रेनवर ऑपरेटर. पँट कमरेला गोळा करून पट्ट्यात खोचलेली. समोर ठेवलेलं पाणी त्याने अर्धंच प्यायलं.

हकीगत त्याने दुसऱ्या कुणाची असावी तशी सांगितली. फेब्रुवारीत कंपनीच्या तपासणीत त्याची तीन महिन्यांची साखर, म्हणजे सरासरी, आठ पॉइंट सहा निघाली. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात पुन्हा बघू, आठच्या खाली नाही आली तर क्रेन बंद. लोकांच्या डोक्यावरून पाच टनांची पोलादी कॉइल नेणाऱ्या माणसाला चक्कर येऊन चालत नाही. तेव्हापासून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, काकडी. मेमध्ये आकडा आला नऊ पॉइंट तीन. आता तो पॅकिंगला होता, आणि महिनाअखेरीस ती बदली कायमची होणार होती.

"घरच्या मशीनवर रोज सकाळी बरोबर येत होती," तो म्हणाला. "दिपाली म्हणते, सकाळच्या साखरेला फसवता येतं, तीन महिन्यांच्या नाही."

दिपाली ही त्याची बायको. एप्रिलच्या सुरुवातीला तिला त्याच्या गाडीच्या डिकीत तेलकट कागद सापडला होता. तेव्हा सलिलने नऊ वर्षांच्या मुलीच्या, ओवीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की आपण बाहेरचं काही खात नाही. मेचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी दिपाली मुलीला घेऊन सांगवीला माहेरी निघून गेली.

"मला दोन गोष्टी सिद्ध करून हव्यात, मॅडम. हा रिपोर्ट चुकीचा आहे, आणि मी खाल्लं नाही. डब्यात कुणी काही मिसळत असेल तर तेही बघा."

"दुसऱ्या लॅबमध्ये तपासलंत?"

 हिंमत झाली नाही, असं तो टेबलाकडे बघत म्हणाला.

सुमेधाताईंनी त्याला चिंचवडच्या एका लॅबची चिठ्ठी दिली आणि रक्त दिल्याशिवाय घरी जायचं नाही असं बजावलं. मग तपासणीच्या दिवशी काय काय झालं ते विचारलं. त्याने सांगितलं ते असं. दुपारच्या शिफ्टला लॅबची गाडी आली. टेबलावर वहीत नाव लिहून प्रत्येकाला नुसत्या नंबरचं स्टिकर देत होते. ते हरवू नये म्हणून सगळे हेल्मेटच्या आत चिकटवतात. ऊन फार, म्हणून माणसं सावलीत आणि रांगेत एकसारखी हेल्मेटं. त्याचं एक्केचाळीस, मागे मित्र निरंजनचं बेचाळीस. तेवढ्यात शॉपमधून, म्हणजे क्रेनच्या शेडमधून, बोलावणं आलं, कॉइल अडकली होती. तो पळत जाऊन, क्रेनवर चढून, ती सोडवून वीस मिनिटांनी परत आला आणि रक्त दिलं.

"आणि हेल्मेट?"

"ते रांगेत होतं ना. निरंजन होता सांभाळायला."

सयाजीराव त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. दोन पथ्यवाल्यांत लगेच गट्टी जमते. सलिलच्या कंपनीच्या गेटवरच्या गाडीवाल्या हिंदुरावचा वडा आपल्यालाही स्वप्नात येतो, असं सयाजीरावांनी कबूल केलं. सलिल पहिल्यांदाच जरासा हसला.

"सोडलंत ते बरं केलंत, काका. आता चटणी ओली देतो तो. बोटांना चिकटत राहते. पूर्वीची मजा नाही."

वर आल्यावर सयाजीरावांनी हेही बाईंना सांगितलं. बाईंनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघं सांगवीला गेले. दिपाली एका शाळेत क्लार्क होती. भांडणाचा आवेश तिच्यात उरलाच नव्हता. डबा ती स्वतः भरत होती, सलिलच्याच कपाटाला तो कुलूप लावून ठेवला जाई आणि घरी धुऊन येई. त्याच्यासाठी तिनेही तीन महिने चिवड्याचा डबा उघडला नव्हता.

"वजन उतरलं की त्यांचं," सुमेधाताई म्हणाल्या. "आठ किलो."

"साखर वाढली तरी वजन उतरतं, मॅडम. मी वाचलंय. आणि खाल्लं म्हणून मी आले नाही. माणूस घसरतो. पण ओवीला सगळं कळतं. रिपोर्ट आला त्या दिवसापासून विचारतेय, बाबांनी खाल्लं असेल तर मला काय होईल? रात्री उठून विचारते, मी आजारी पडणार का?"

आतल्या खोलीत मुलगी चित्र रंगवत बसली होती. ती एकदाही बाहेर आली नाही. सयाजीरावांना काहीतरी वाटायला हवं होतं. ते वाटत नाही याची त्यांनी फक्त नोंद घेतली.

तिथून चाकण. कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरची परवानगी बाईंनी आधीच काढली होती. गेटवर दोघांना पांढरी हेल्मेटं मिळाली. शॉपच्या दाराशी सयाजीरावांनी घाम पुसायला हेल्मेट काढलं, तर सिक्युरिटीवाला हात आडवा घालून उभा. आधी हेल्मेट, मग पाऊल. मोठे साहेब आले तरी हाच नियम, आणि गेल्या वर्षभरात तो एकदाही मोडलेला नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

निरंजन घुले कँटीनमध्ये भेटला. तोही क्रेन ऑपरेटर. फेब्रुवारीत त्यालाही तोच इशारा मिळाला होता.

"मेमध्ये किती आली?"

"सहा पॉइंट चार. पास." त्याने लिटरभराची बाटली तोंडाला लावली.

पथ्य काय केलं, असं सयाजीरावांनी आशेने विचारलं. निरंजन म्हणाला, विशेष काही नाही, नशीब. त्याच्यासमोर श्रीखंडाच्या दोन रिकाम्या वाट्या होत्या. वीस मिनिटांच्या बोलण्यात तो दोनदा लघवीला उठला आणि बाटली पुन्हा भरून आणली. सलिलविषयी मात्र तो हळहळला.

"दोस्त आहे आपला, मॅडम. त्या दिवशी त्याचं हेल्मेट मीच पुढे सरकवत होतो. तो पळाला आणि इकडे माझा नंबर लागला."

डब्याशी कुणी छेडछाड केली असेल का, असं विचारल्यावर त्याने ठाम नकार दिला, आणि तो नकार खरा वाटला.

परतताना बाईंनी हिंदुरावच्या गाड्यापाशी रिक्षा थांबवली. तेलाचा वास आला आणि सयाजीरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या पहिल्या पंधरा दिवसांनंतर शरीराने काही मागितलं ते एवढंच. त्यांनी हात मागे बांधून घेतले.

सलिलचा फोटो बघून हिंदुराव म्हणाला, "गिऱ्हाइकाचं त्वांड मी ध्यानात ठेवत न्हाई, बाई. समद्यांच्या बायका येत्यात इचारायला."

"बरं, चटणी तरी पूर्वीचीच देताय ना?"

"न्हाई वो. कोरडी बंद करून दीड म्हयना झाला. कुटणारी बाय गावाला गेली. आता ओली देतो."

रविवारी दुपारी सगळे ऑफिसात जमले. सलिल खिडकीशी बसला, दिपाली दाराजवळच्या खुर्चीत. निरंजनला मित्राच्या कामासाठी म्हणून बोलावलं होतं. टेबलावर लॅबचं बंद पाकीट होतं. सुमेधाताईंनी ते फोडून कागद दिपालीच्या हाती दिला.

"सहा पॉइंट पाच," दिपालीने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"तीन आठवड्यांत ही साखर नऊ पॉइंट तीनवरून इतकी उतरत नाही," सुमेधाताई म्हणाल्या. "म्हणजे मेमधला तो आकडा यांच्या रक्ताचा नव्हताच. डब्याचा प्रश्न तिथेच संपला. आता प्रश्न एवढाच, की ते रक्त कुणाचं."

निरंजनने बाटली खाली ठेवली.

"सलिल सांगतात, हेल्मेट रांगेत ठेवून क्रेनवर गेलो. निरंजन सांगतात, ते हेल्मेट मी सांभाळलं. दोघंही खरं बोलतात. पण त्या शॉपमध्ये हेल्मेटशिवाय कुणाला पाऊल टाकू देत नाहीत. सयाजीरावांना नाही टाकू दिलं. मग सलिल आत गेले ते कुणाचं हेल्मेट घालून?"

सलिलने मान वर केली. आठवायला त्याला वेळ लागला. "दाराशी अडवलं मला," तो सावकाश म्हणाला. "मागे वळून रांगेतलं हाताला आलं ते उचललं."

"शेजारचं. निरंजनचं. त्याच्या आत बेचाळीस नंबर होता. इकडे निरंजनचा नंबर लागला, तेव्हा त्यांच्यापाशी तुमचंच हेल्मेट होतं. त्यातला एक्केचाळीस नंबर त्यांच्या नळीला लागला. तुम्ही परत आलात ते डोक्यावर बेचाळीस घेऊन. लॅबवाल्याला शंभर जणांचं रक्त काढायचं होतं, त्याने नाव विचारलं नाही. म्हणजे तुमचं रक्त यांच्या नावावर गेलं, यांचं तुमच्या. आणि ज्यांची साखर काही न करता सहावर आली, त्यांना वीस मिनिटांत दोन बाटल्या पाणी लागतं आणि दोनदा उठावं लागतं. शरीराला वहीतलं नाव माहीत नसतं."

"मी मुद्दाम नाही केलं," निरंजन म्हणाला.

"अदलाबदल मुद्दाम नव्हती. पण रिपोर्ट हातात आला तेव्हा तुम्हाला कळलं."

निरंजनने नाकारलं नाही. रिपोर्ट बघून आधी हसू आलं, मग हेल्मेट आठवलं, असं तो म्हणाला. उद्या सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. त्याची दोन मुलं शाळेत होती. सुमेधाताईंनी त्याला सोमवारी सकाळी कंपनीच्या डॉक्टरांकडे स्वतः जायला सांगितलं. तो नाही गेला तर त्या जाणार होत्या. "नऊ पॉइंट तीन तुमची आहे, घुले. तिला औषध लागेल. आणि तुमच्या क्रेनखाली माणसं उभी असतात." तो सलिलला काहीतरी म्हणायला थांबला, पण सलिल त्याच्याकडे बघेना. मग तो जिना उतरून गेला.

दिपाली अजून कागद धरून होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता. "म्हणजे हे खरं बोलत होते," ती म्हणाली. "मी ओवीला सांगते, बाबांनी खाल्लंच नव्हतं."

सुमेधाताई सलिलकडे वळल्या. "तुम्ही मला दोन कामं दिली होती. रिपोर्ट चुकीचा आहे हे सिद्ध झालं. दुसरं मला जमणार नाही."

"का?" दिपालीने विचारलं.

बाईंची नजर सलिलवरच होती. आणि तेव्हा सयाजीरावांची बस पोचली. जिन्यात सलिल बोलला ती चटणी दीड महिन्यापूर्वीच बदलली होती. तीन महिन्यांत गाड्याकडे न फिरकलेल्या माणसाला ती ओली आहे हे ऐकूनही कळलं असतं, पण ती बोटांना चिकटत राहते हे खाल्ल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या लॅबमध्ये जायची हिंमत त्याला का झाली नाही, हेही त्यांना आता कळलं. तो नऊ पॉइंट तीन आकडा खुद्द सलिललाच खरा वाटला होता.

खोलीत ही गोष्ट आता दिपाली सोडून तिघांनाही माहीत होती. कागद सलिलच्या बाजूने होता. क्रेन परत मिळणार होती, बायको घरी येणार होती. त्याने नुसतं बसून राहायचं होतं. सयाजीरावांना मनापासून वाटलं, याने गप्प बसावं. मग वाटलं, बसू नये. दोन्ही इतकं जोरात वाटलं की त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"मी खाल्लं होतं," सलिल म्हणाला. "सात वेळा."

दिपालीने कागद मांडीवर ठेवला. "शपथ घेतलीत तेव्हा?"

"तेव्हा पाच झाले होते. नंतर दोन. नंतरच्या दोन्हींची चवसुद्धा लागली नाही. उभा राहून गिळले आणि आता पॅकिंगला जातो तसा निमूट कामावर गेलो."

"सात," दिपाली म्हणाली. "मला वाटत होतं तुम्ही रोज खाताय." तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला. "मग आता कशाला सांगितलंत? कागद होता ना हातात. ओवीला आज झोप लागली असती."

"आज लागली असती." सलिलचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पुढच्या वेळी कुणी तिच्या डोक्यावर हात ठेवला की ती पुन्हा घाबरणार. दिपाली, मी खोटी शपथ घेतली आणि तिला काही झालं नाही. तिला हे कळायला हवं. ते माझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही."

दिपालीने कागदाची घडी घातली. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मग तिने पर्स उचलली आणि ती दारात उभी राहिली.

"चला. मी काही बोलणार नाही. तुम्हीच सांगायचं, आणि ती जे जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचं."