गुळगुळीत समुद्र

हर्णैच्या प्रत्येक होडीला आता 'चिमणी' बांधलेली असते. होडी उलटली की हे नखाएवढं यंत्र अधूनमधून चिवचिवतं, होडीची जागा सांगतं. पण इतक्या बारीक आवाजात, की तत्काळ ओळखू येत नाही. म्हणून किनाऱ्यावरचं केंद्र सगळ्या रेडिओलहरींचे नमुने, सेकंदाला कोट्यवधी, कच्चेच डिस्कवर उतरवतं आणि मागाहून चाळतं.

हेमांगी चोगले सकाळपासून चाळत होती. तिच्या बाबांची होडी परतली नव्हती. नोंद स्वच्छ होती. फारच स्वच्छ. डिस्क लिहिण्यात मागे पडली की नमुने गळतात आणि नोंदीत तशी खूण उमटते. इथे कित्येक महिन्यांत एकही खूण नव्हती.

ती केंद्रप्रमुख डॉ. खांबेट्यांकडे गेली.

"सर, गळती थांबली कशी?"

"सांधक बसवलाय ना. गळालेल्या जागी तो आजूबाजूचं बघून अंदाजाने भरतो. अहवालात गळती शून्य."

"म्हणजे थांबली नाही. दिसायची थांबली. आणि त्या जागी चिमणी चिवचिवली असेल, तर तीही बुजली."

"हेमांगी, शब्दांत पकडू नकोस."

गळक्या छपराखाली बादली ठेवायचं सोडून या विद्वानाने भिंतीवरचे ओघळ रंगवून घेतले होते. आणि गळती कशाने? स्वागतकक्षातल्या भिंतभर पडद्याने. पाहुण्यांना लहरींचे रंगीत पट्टे दाखवायला तो अहोरात्र त्याच डिस्कवरून वाचत होता, जिच्यावर नमुने उतरत होते. जेवतानाच भाषण ठोकलं तर घास सांडणारच.

हेमांगीने पडद्याची वायर उपटली.

"अगं, सचिव येतायत आत्ता."

"त्यांना खिडकीतून समुद्र दाखवा. तोही हलतो."

तिने सांधक बंद केला. नमुने आधी मेमरीत रांगेला लावले, डिस्कला लिहिण्यावाचून दुसरं काम ठेवलं नाही. एवढंच करायचं होतं. पण अहवालात जी गळती नाही, ती बुजवणार कोण?

नव्या नोंदीत चिमणी सापडली. गस्तीच्या बोटीने बाबांना उलट्या होडीवरून उचलून आणलं. ते काकडत होते. "एवढा वेळ का गो लावलास?" म्हणाले.

हेमांगी केंद्रात परतली आणि तिने गेल्या वर्षीच्या एका दिवसाची नोंद उघडली. त्या दिवशी पावशांची होडी गेली ती आलीच नाही. नोंद तशीच गुळगुळीत.

"ते कशाला उकरतेस?" खांबेटे दारातून म्हणाले.

"सर, हाक आलीच नाही, असं तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगितलंत. त्या शांततेतली समुद्राची किती होती, आणि सांधकाची किती?"